उशिरा आलेलं वाक्य

सपना पाईकरावला एका जागी बसवत नसे, आणि तिचं कामच असं होतं की एका जागी बसून मालिका बघायच्या.

पुण्यात काही वर्षं नोकरी करून ती हिंगोलीला आईकडं परत आली, ती एका मराठी वेबसाइटचं सदर सोबत घेऊनच. दर आठवड्याला मालिकांवर लिहायचं; त्यातही ज्यांचं सगळीकडं कौतुक चाललंय, ज्यांना बक्षिसं मिळालीत, अशांवर. तिची लेखणी तिखट होती आणि लोकांना ती आवडायची. 'अंधारात कुजबुजलं की आपल्याकडं त्याला गंभीर मालिका म्हणतात' हे तिचं वाक्य बरेच दिवस फिरत राहिलं होतं. विनोदी मालिकांबद्दल तिचं म्हणणं असं, की शहरातला माणूस खेड्यात आला रे आला की लिहिणारे सगळ्या गावाला खुळं ठरवतात आणि अक्कल तेवढी पाहुण्याच्या बॅगेत ठेवतात. हे ती टाळ्यांसाठी लिहीत नव्हती. तिला खरंच चीड यायची.

पण बघायचं तरी किती? एका आठवड्यात दोन-दोन, तीन-तीन मालिका आणि एकेकीचे आठ-दहा भाग. म्हणून ती सगळं दीडपट वेगानं लावायची. कोणी गप्प उभं राहिलं, नुसतं खिडकीबाहेर बघत बसलं, की तिचा अंगठा आपोआप मोबाईलच्या उजव्या कडेला जायचा आणि प्रसंग पुढं उडी मारायचा. बघता बघता ती पलंगावरून उठून उंबऱ्यावर बसायची, तिथून स्वयंपाकघराच्या ओट्याशी यायची, चहा टाकायची आणि विसरायची. आई, मिराबाई, मागं फिरून गॅस बंद करायची. हे वेगाचं तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. लपवलं होतं असंही नाही. कोणी विचारलंच नव्हतं.

त्या वर्षी 'विनंती थांबा' नावाची मालिका आली आणि मुंबई-पुण्याचे लोक तिच्यावरून जीव ओवाळून टाकायला लागले. गोष्ट साधी होती. मुंबईचा एक तरुण इंजिनियर रस्त्याच्या मोजणीसाठी एका नाक्यावर येतो, परतीची गाडी चुकते, आणि मग रोज काही ना काही होऊन तो तिथल्या ढाब्यावरच अडकून पडतो. चित्रीकरण कनेरगाव नाक्यावर झालं होतं. आणि ढाब्याबाहेरच्या बाजेवर कायम बसलेला जो म्हातारा होता, ते सपनाचे सख्खे मामा होते. हट्ट्याचे पुंजाजी खंदारे.

मामांना कोणी नट म्हटलं नसतं. थोडी शेती, बाकी दुसऱ्याच्या हळदीवर मजुरी. तरुणपणी ते भीमगीतांच्या गायन पार्टीत होते. ढोलकी वाजवायचे, आणि दोन गाण्यांच्या मधे लोकांना हसवायचं कामही त्यांच्याकडंच असायचं. मालिकेवाले माणसं शोधत हिंगोलीला आले तेव्हा ते कोणाला तरी सोबत म्हणून गेले होते. निवड झाली ती यांची.

सपनानं मालिका एका दिवसात संपवली. रात्रीपर्यंत लेख द्यायचा होता. मामांबद्दल तिनं आधी एक सौम्य वाक्य लिहिलं, मग ते वाचून तिची तिलाच लाज वाटली. मामा आहेत म्हणून हात आखडतेस का? तिनं ते खोडलं आणि दुसरं लिहिलं: 'ढाब्यावरच्या बाजेवर बसवलेला म्हातारा पाठ केलेली वाक्यं घडाघडा म्हणून टाकतो, समोरचा काय बोलतोय हे तो ऐकतसुद्धा नाही. स्थानिक चेहरा आणला की खरेपणा येतो, ही मालिकावाल्यांची समजूत आता त्यांनी सोडावी.' नाव दिलं नाही. लेख पाठवला आणि तिला वाटलं, आपण फार सरळ वागलो.

दोन दिवसांत तो लेख हिंगोली, वसमत, औंढा, सगळीकडच्या मोबाईलांत पोचला. कोणीतरी वर लिहिलं होतं, 'हिंगोलीच्या पोरीनं हिंगोलीच्या मालिकेला झोडपलं.'

मिराबाईनं तो शेजारणीकडून वाचून घेतला आणि घरात येऊन दारातच उभी राहिली.

"काहून लिहिलंस असं?"

"काय?"

"दादाबद्दल. माझा भाऊ हाये तो."

"मी नाव घेतलं न्हाई, आई."

"बाजेवर दुसरा कोण बसला व्हता मंग?"

"मला जे दिसलं ते मी लिहिलं. उद्या तू काम केलंस तरी असंच लिहीन."

"मी कशाला करू काम?" मिराबाई म्हणाली. "आईतवारी हट्ट्याला त्याचा सत्कार हाये. दादानं सोता फोन केला, सपनीला घेऊन ये म्हणला. आता तू येतीस का मी एकटी जाऊ?"

न जाणं म्हणजे तोंड लपवणं, असं सपनाला वाटलं. ती निघाली.

औंढ्याला गाडी बदलून त्या दोघी दुपारी हट्ट्याला पोचल्या. हळदीचे दिवस होते. अंगणांत, रस्त्याकडंला, शाळेच्या मैदानावर शिजवलेली हळद वाळत घातलेली, आणि तिचा उग्र वास नाकात बसलेला. समाजमंदिराला पताका लावल्या होत्या. आत बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींना हार घातले होते. समोरच्या भिंतीवर पांढरी चादर ताणलेली, आणि खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केलेला. हे सगळं बालाजीनं केलं होतं. बालाजी गावातल्या तरुण मंडळाचा म्होरक्या. वसमतहून प्रोजेक्टर त्यानंच आणला होता. सत्कार झाला की मालिकेचा चौथा भाग सगळ्यांना दाखवायचा असं त्यानं ठरवलं होतं, कारण त्या भागात मामांना सगळ्यात जास्त काम होतं.

मामा पांढरा सदरा घालून पुढं बसले होते. सपना पाया पडायला वाकली तसे ते "जयभीम, बाई, ये" म्हणाले आणि लगेच दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला लागले. एरवी ते असं करत नसत. तिच्या डोक्यावर हात ठेवून, कोणत्या गाडीनं आलीस, जागा भेटली का, सगळं विचारायचे.

शाल, श्रीफळ, भाषणं झाली. मग बालाजीनं माईक हातात घेतला आणि जरा हसून म्हणाला, "आपल्यात आज एक मोठ्या समीक्षक बी आल्या हायेत. आपल्याच गावची भाची. सगळ्या मालिकायच्या चुका काढतेत. त्यायनी दोन शब्द बोलावं, म्हंजे आमाला बी कळंल का आमच्या पुंजाजी काकाचं काय चुकलं."

लोक हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "बोला की!" मिराबाईनं मान खाली घातली. सपना उठली. तिनं माईक घेतला.

"मामांचं काय चुकलं हे सांगायला मी आले नाही," ती म्हणाली. "पण एक सांगते. मामा माझे आहेत म्हणून मी चांगलं लिहिलं असतं, तर त्या चांगल्याला काही किंमत राहिली असती का? उद्या मी कोणाचंही कौतुक केलं तरी लोक म्हणाले असते, नातेवाईक असेल. मी कोणाचं तोंड बघून लिहीत नाही."

थोड्या टाळ्या पडल्या. तेवढ्यात मामांनी हात वर करून माईक मागितला. ते उभे राहिले, घसा साफ केला.

"पोरगी बराबर बोलून राहिली," ते म्हणाले. "शिकलेली हाये. तिला त्यातलं कळतं. खरं लिहावं माणसानं."

एवढंच बोलून ते खाली बसले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर सपनाला बरं वाटलं असतं.

दिवे घालवले आणि चौथा भाग सुरू झाला. सपना बायकांमधे सतरंजीवर बसली होती. पुढं कोणाचं लेकरू, मागं भिंत. उठायला जागा नव्हती. पहिल्या पाच मिनिटांतच तिचा जीव वर-खाली व्हायला लागला. सगळे किती सावकाश बोलतायत! इंजिनियर ढाब्यावर येतो, बॅग ठेवतो, घाम पुसतो. हे तिनं पाहिलंच नव्हतं. तिचा अंगठा मांडीवर आपोआप हलला. तिनं मूठ मिटून घेतली.

मग तो प्रसंग आला. इंजिनियर बाजेवरच्या म्हाताऱ्याला विचारतो, "काका, बस कधी येते?"

मामा चहाचा ग्लास हातात धरून बसलेले. त्यांनी इंजिनियरकडं पाहिलं. मग रस्त्याकडं पाहिलं, आधी वाशिमच्या बाजूला, मग हिंगोलीच्या. चहावर फुंकर घातली. इंजिनियरला वाटलं उत्तर येतंय. तो जरा वाकला. मामांनी एक घोट घेतला. इंजिनियरनं बॅग उचलली, परत ठेवली. रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा. समाजमंदिरात कोणी हललं नाही. मामांनी ग्लास खाली ठेवला, अगदी काळजीनं विचार केल्यासारखा चेहरा केला आणि विचारलं, "कोणती?"

सगळं समाजमंदिर हसत सुटलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. मालिकेतल्या त्या नाक्यावर दिवसातून एकच बस थांबते, हे तोवर तीन भागांत सगळ्यांना कळून चुकलेलं होतं. सपनाही हसली. ठरवून नाही, हसू आतून आलं, तिला थांबवता आलं नाही, आणि हसता हसताच तिनं मूठ उघडून अंगठ्याकडं पाहिलं. कारण तिनं पाहिलेल्या मालिकेत "बस कधी येते" आणि "कोणती" ही दोन वाक्यं एकाला एक चिकटलेली होती. मधलं सगळं तिच्या अंगठ्यानं गिळलं होतं.

पुढचा भाग तिला धड दिसला नाही. काही गोष्टी मात्र आताही खटकल्या. इंजिनियर मधेच इकडच्यासारखं 'करून राहिलो' म्हणत होता ते तोंडात बसवल्यासारखं वाटत होतं, आणि शेवटचा रडका प्रसंग खोटा तो खोटाच होता. तेवढं आपण बरोबर लिहिलं, असं ती स्वतःला सांगत राहिली. त्यानं काही भागलं नाही.

संध्याकाळी सगळे मामांच्या घरी आले. अंगणात एका बाजूला हळद, एका बाजूला खाट. मामी, रुक्माबाई, चहा घेऊन आल्या. त्या सपनाशी दुपारपासून बोलल्या नव्हत्या. ग्लास पुढं केला तोही न बघता.

मिराबाईला ही शांतता सोसवेना. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "दादा, आज तू लय सावकाश बोललास बघ. घरी हिच्या मोबाईलात ऐकलं तवा किती घाई करून राहिला व्हतास! मी म्हणलं, दादाला काय झालं, गाडी सुटून राहिली का काय."

"मी तसाच बोललो जसा बोललो," मामा म्हणाले. "दोन डाव कसा बोलंन?"

"न्हाई, हिच्या मोबाईलात सगळेच तसे बोलतेत. मला वाटलं मोबाईलच बिघडलाय."

सपनानं ग्लास खाली ठेवला. मामा तिच्याकडं बघत होते.

"आई म्हणती ते काय हाये?"

"मामा, ते वेग वाढवता येतो. वेळ वाचावा म्हणून. बरंच बघायचं असतं मला."

"दाखव बरं."

"आता कशाला, मामा..."

"दाखव म्हणलो न्हाई का."

तिनं मोबाईल काढला. चौथा भाग लावला, तिच्या नेहमीच्या वेगानं. मामांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला. पडद्यावरचे पुंजाजी खंदारे भराभर मान वळवत होते, चहा गटकन पीत होते आणि घाईघाईत बोलत होते. 'कोणती' आलं आणि गेलं. मामांनी पूर्ण प्रसंग पाहिला. मग मोबाईल परत दिला.

"हे बघून लिहिलंस?"

"व्हय."

"सगळ्यायचं असंच बघतीस?"

तिनं मोबाईल पालथा ठेवला. तेवढ्यात मामी, ज्या इतका वेळ दाराशी उभ्या होत्या, पुढं आल्या.

"आन् हिच्या लिहिण्यापायी यायनी काम सोडलं!"

"रुक्मा, तू गप बस."

"काहून गप बसू? फोन आला व्हता त्या लोकायचा. पुढच्या भागात काम वाढवून देतो म्हणले. हे काय म्हणले म्हाईत हाये का? म्हणे, माझी भाची त्यातली जाणकार हाये, ती म्हणती मी घडाघडा बोलतो, माझ्यानं तुमचं काम नासंल, तुमी दुसरा माणूस बघा. आसं म्हणून फोन ठेवून देला!"

मिराबाईनं तोंडावर पदर धरला. सपना उठून उभी राहिली, मग कुठं जायचं ते न कळून परत बसली.

"तुमी मला एक फोन करायचा ना, मामा."

"तुला काय इचारू?" मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, थकलेला होता. "तूच लिहिलं व्हतंस."

त्या रात्री मुक्काम करायचं ठरलं होतं, पण मिराबाईनं शेवटची गाडी धरली. 

दुसऱ्या दिवशी सपनानं मालिकेच्या ऑफिसचा नंबर मिळवला. माणसं निवडण्याचं काम बघणारी पुनम नावाची मुलगी फोनवर आली. ती चांगली बोलली. म्हणाली, "काकांनी स्वतःच नको म्हटलं ना. आम्ही दोनदा विचारलं. आता नागपूरचे एक नाटकातले नट घेतलेत. बाजेवरचा माणूस आता त्या म्हाताऱ्याचा भाऊ असेल, असं लेखकानं बसवलंय. कथाच बदललीय हो."

"पण ते माझ्यामुळं झालं."

"असेल," पुनम म्हणाली. "मी विचारून बघते. शब्द नाही देत."

मग सपनानं ती मालिका पुन्हा पहिल्यापासून लावली, जशी आहे तशा वेगानं. बसवत नव्हतं. दर थोड्या वेळानं ती उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची आणि जिथं सोडलं तिथून लावायची. ती संपल्यावर तिनं दुसरी एक मालिका काढली. कोर्टातली, मागच्या वर्षी सगळ्यांनी डोक्यावर घेतलेली. तिनं स्वतःच तिला 'एक क्षणही न रेंगाळणारी' असं म्हटलं होतं. ती आता इतकी रेंगाळत होती, की वकीलबाई फाईल उघडून बंद करीपर्यंत सपनाचा चहा झाला. चांगलं ते तिनं पाडलं होतं आणि सुमार ते चढवलं होतं, आणि दोन्ही वेळा लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला होता.

तिनं नवा लेख लिहिला. मालिका आपण कशी पाहिली होती ते सरळ सांगितलं. 'कोणती' या एका शब्दाआधी काय काय घडतं ते लिहिलं. शेवट खोटा आहे, इंजिनियरची बोली खोटी आहे, यावर आपण अजून ठाम आहोत, हेही लिहिलं. लेख तिनं प्रियंकाला पाठवला. प्रियंका वेबसाइटची संपादक, पुण्यातली. सपनाला तिनंच सदर दिलं होतं.

प्रियंकाचा फोन लगेच आला. "हे छापायची गरज नाही. लोक पुढं गेलेत. आणि खरं सांगू का, सगळे असंच बघतात. मीसुद्धा."

"मी छाप म्हणतेय."

"तुझ्या जुन्या लेखांवर कोण विश्वास ठेवेल मग?"

"नको ठेवू देत."

प्रियंकानं बराच वेळ टाळलं, शेवटी छापलं. आणि झालं भलतंच. लोकांनी सपनाच्या कुठल्याच लेखाला दिला नव्हता एवढा प्रतिसाद या लेखाला दिला. निम्म्यांनी शिव्या दिल्या, निम्म्यांनी प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. कोणी तिचे जुने लेख काढून हा किती वेगानं, तो किती वेगानं, असं विचारायला लागलं. प्रियंकाचा सूर पालटला. "अगं, जोरात चाललाय! याची लेखमालाच करू. 'मी चुकले होते' असं नाव देऊ. दर आठवड्याला एक जुनी मालिका परत बघायची."

सपना मोबाईल कानाला लावून दारापर्यंत गेली. "नाही," ती म्हणाली. "मी महिन्याला एकच लिहीन. जमत असेल तर ठेव."

जमतं की नाही यावर प्रियंकानं पुष्कळ कुरकुर केली. ठेवलं मात्र.

हा लेख हट्ट्यालाही पोचला. बालाजीनं तो समाजमंदिरात मोठ्यानं वाचून दाखवला म्हणे. सपनानं मामांना फोन लावला तेव्हा ते म्हणाले, "ऐकला. आता लिहून काय? पन चांगलं केलंस." आणि फोन मामीकडं दिला. मामींनी हळदीला काय भाव आला ते सांगितलं.

पावसाळा सरता सरता पुनमचा फोन आला. नव्या भागांचं चित्रीकरण कनेरगाव नाक्यावरच होतं. मामांसाठी एक प्रसंग निघाला होता. जुना म्हातारा एकदाच भावाला भेटायला येतो आणि परत जातो. "एवढंच आहे," पुनम म्हणाली. "काका येतील का?"

मामा आले. हट्ट्याहून पहाटेची गाडी धरून हिंगोलीला उतरले. सोबत मीच येते, असं सपनानं कळवून ठेवलं होतं. ते नको म्हणाले नाहीत. वाशिमच्या गाडीत खिडकीशी बसून ते ओठांतल्या ओठांत वाक्यं म्हणत होते. मधेच थांबून ते तिच्याकडं बघायचे आणि परत बाहेर बघायला लागायचे.

नाक्यावर ढाब्यासमोर गर्दी होती. बाजेवर नागपूरचे नट बसले होते. त्यांनी उठून मामांना नमस्कार केला, पाणी दिलं. सपना एका खुर्चीच्या कडेला टेकली. मामांनी सदरा नीट केला, दोन पावलं बाजेकडं गेले आणि मागं वळून आले.

"सपने, तू हितं नको बसू."

"का? मी काही बोलत न्हाई."

"तू बोलत न्हाईस. पन तू बसली की मला घाई व्हती." ते अवघडून उभे होते. "रस्त्याच्या पल्याड जा जरा. चहा पी."

ती गेली. पलीकडच्या हॉटेलात चहा सांगितला, अर्धा प्यायली, बाहेर आली. मधून ट्रक जात होते, त्यामुळं ढाब्यावरचं काही धड दिसत नव्हतं. कोणीतरी ओरडायचं, मग सगळं चिडीचूप, मग परत गलका. ती हॉटेलच्या कडेनं वाशिमच्या दिशेनं पाटीपर्यंत चालत गेली आणि परत आली. परत गेली. मोबाईल काढला, खिशात टाकला. आत्ता मामा बोलत असतील. आत्ता थांबले असतील. लोक हसतायत की नाही ते ट्रकच्या आवाजात कळत नव्हतं, आणि जाऊन बघायची तिला मनाई होती. तिनं आणखी एक चहा घेतला.

ऊन कलल्यावर मामा रस्ता ओलांडून आले. चेहऱ्यावरचा रंग नीट पुसला नव्हता.

"कसं झालं?"

"पैल्यांदा घाई झाली. दुसऱ्यांदा बी झाली." ते बाकावर बसले. "मंग जमलं."

"हसले लोक?"

"त्यायनी हसू दाबून धरलं व्हतं. आवाज येतो म्हणे मधी." मामांनी पाणी प्यायलं. "तो नागपूरचा माणूस चांगलं काम करतो. मी त्याला म्हणलं बी. माझ्यापेक्षा बरा बसतो बाजंवर."

हे खरं होतं की मनाला घातलेली समजूत, ते सपनाला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

"एक ऐक," मामा म्हणाले. "ही मालिका आली की तू ह्याच्यावर लिहू नको. वाईट बी न्हाई आन् चांगलं बी न्हाई. दुसरे कोण लिहितेत ते लिहू दे."

"न्हाई लिहीत."

"बघ मातर."

"बघीन."

हिंगोलीच्या गाडीला गर्दी होती. मामांना जागा मिळाली, ती दांडा धरून उभी राहिली. हिंगोलीला उतरल्यावर ती मुक्कामाला चला म्हणाली, पण मामांनी ऐकलं नाही. रुक्मा वाट बघून राहिली असंल म्हणाले. औंढ्याच्या गाडीत चढताना मात्र त्यांनी वळून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "उभ्यानं आलीस, पाय दुखले का?"

घरी मिराबाईनं भाकरी करून ठेवल्या होत्या. "दादा बोलला का तुझ्याशी?" तिनं ताट वाढता वाढता विचारलं.

"बोलले. त्यांच्यावर लिहू नको म्हणले."

"मंग बराबर हाये," मिराबाई म्हणाली.

सपना दोन घास खाऊन मोबाईल आणायला उठली, तशी आईनं तिच्या ओढणीचं टोक धरून तिला खाली बसवलं.